दोनशे नव्वदची कॉफी

देवळाली कॅम्प
सोमवार, १२ जानेवारी

वेदू,

पाकिटावर ‘कु. वेदिका बिरारी’ असं पूर्ण लिहिलंय, कारण पत्र दुसऱ्याच्या हातून तुझ्याकडे येणार आहे. आत मात्र वेदूच. वर चि. लिहू की नको यात दोन कागद वाया गेले.

पत्र कॉफीच्या दुकानात मिळालं म्हणून तिथल्या बाईवर चिडू नकोस. मीच तिच्याकडे दिलंय. तुझा फोन एकदा वाजतो आणि तुटतो. शेजारची सुरय्याभाभी म्हणाली, “मंगलाताई, तिने तुमचा नंबर ब्लॉक केलाय.” मी म्हटलं, रेंज नसेल. ती आपल्या दुकानातल्या ट्रंका पुसत राहिली.

तू तिथे जातेस हे मला कुणी सांगितलं ते विचारू नकोस. नाशिकचा कॉलेज रोड काही परदेशात नाही. कुणीतरी बघतं, कुणीतरी सांगतं.

उद्या तुला घर सोडून दोन महिने होतील. त्या दिवशी मी शिलाईच्या दुकानातून आले तर तुझं कपाट अर्धं रिकामं आणि किल्ली सुरय्याभाभीकडे. माझ्या हातात दिली असतीस तर मी अडवलं असतं का? अडवलं असतं. खोटं कशाला बोलू.

इकडे सगळं ठीक आहे. तोफखान्यात जवानांची नवी बॅच आलीय, सकाळपासून दुकानात पोरांची रांग असते. सगळ्यांच्या वर्द्या ढगळ. कंबर आवळा, बाही आखूड करा, छातीवरची नावाची पट्टी शिवा. गुडघा दुखतो. मशीनला मोटर बसवून घे असं तू म्हणत होतीस, ते अजून राहिलंय.

नोव्हेंबरमध्ये त्या कॉफीवरून मी जरा जास्त बोलले असेन. पण वेदू, एका कॉफीला दोनशे नव्वद रुपये? मला ते अजूनही समजत नाही. संसरी नाक्यावर दहा रुपयांत चहा मिळतो आणि तो पिऊन माणूस कामालाही लागतो. दोनशे नव्वद मिळवायला मला अर्धा दिवस मान खाली घालून बसावं लागतं. मी हे भांडायला लिहीत नाहीये. समजत नाही, एवढंच सांगतेय.

कुठे राहतेस ते कळव. पत्ता द्यायचा नसेल तर नुसता भाग सांग. सोबत कोण आहे? जेवणाचं काय करतेस?

आई


देवळाली कॅम्प
गुरुवार, २२ जानेवारी

वेदू,

दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी पुन्हा गेले, तेव्हा रोशनी म्हणाली, तू पत्र घेतलंस. (दुकानातल्या त्या बाईचं नाव रोशनी, तुला माहीत असेलच.) उघडलं का विचारलं, तर म्हणाली, “नाही काकू, बॅगेत ठेवलं.” बॅगेत ठेवलं म्हणजे फाडलं नाही. दहा दिवस मी त्यावरच काढले.

मागच्या पत्रात मी एक गोष्ट लपवली होती. तुला तिथे कुणी बघितलेलं नाही. तिथे बिल करताना नंबर विचारतात आणि तू सुरुवातीपासून माझाच नंबर देत आलीस. तुला जाहिरातींचे मेसेज नको असतील म्हणून असेल. तू कॉफी घेतलीस की पॉइंट जमा झाल्याचा मेसेज माझ्या फोनवर येतो. इंग्रजीत असतो, म्हणून मी महिनोन्‌महिने बघितलेच नव्हते. नोव्हेंबरमध्ये सुरय्याभाभीने माझ्या फोनमध्ये काहीतरी शोधताना बघितले आणि हसत म्हणाली, “मंगलाताई, तुम्ही रोज कॉलेज रोडला कॉफी प्यायला जाता काय?” मग तिने वाचून दाखवले. त्यानंतर काय झालं ते तुला माहीत आहे.

तेव्हा ते मेसेज बघून माझ्या अंगाची आग झाली होती. आता मी त्यांची वाट बघते. फोन मशीनच्या फळीवर, चष्म्याशेजारी ठेवते. दहा-सव्वादहाला वाजला की मला कळतं, वेदू उठली, आवरलं, बाहेर पडली, हातीपायी धड आहे. मग मी दिवसाचं पहिलं कापड हातात घेते. रविवारी तू जात नाहीस. रविवार मला जड जातो.

हे तुला सांगू नये असं दहादा मनात आलं. सांगितलं तर तू नंबर बदलशील. पण चोरून बघत राहणंही बरं वाटेना. बदलू नकोस वेदू. मी काही विचारणार नाही, फोन करणार नाही. तेवढा एक मेसेज येऊ दे.

काल संध्याकाळी सहानंतर परत गेले तेव्हा आत बसले. रोशनीनेच बसवलं. ती सटाण्याकडची, पस्तिशीची असेल, सगळं दुकान तीच चालवते. मी म्हटलं, माझी मुलगी घेते तीच द्या. उंच ग्लासात बर्फ, वर फेस. वाईट नव्हती. पण दाताला थंड लागली आणि किमतीचा विचार करताना चव कुठे गेली ते कळलं नाही.

मग रोशनी सहज बोलून गेली. “तुमची मुलगी आमच्याकडे जूनपासून रोज आहे काकू. दहाला येते, त्या प्लगजवळच्या टेबलावर बसते, साडेपाचला उठते.”

मी म्हटलं, ऑफिसला जाता-येता येत असेल. तिचं ऑफिस इथेच मागे आहे, हॉस्पिटलांच्या विम्याची बिलं बनवतात.

“नाही काकू. दिवसभर इथेच असते.”

मी ग्लास खाली ठेवला. ती पण समजली, आपण काहीतरी भलतं बोलून बसलो. टेबल पुसायला गेली.

वेदू, जूनपासून नोव्हेंबरपर्यंत तू रोज नऊला घरातून निघायचीस. मी तुला डबा द्यायचे. संध्याकाळी विचारलं, ऑफिसात काय झालं, तर म्हणायचीस, नेहमीचंच. बाहेरचं खाणं आत आणू नये अशी तिथे भिंतीवर पाटी आहे. मग तो डबा तू कुठे बसून खायचीस?

आई


देवळाली कॅम्प
बुधवार, ४ फेब्रुवारी

वेदू,

तेरा दिवस मेसेज नाही.

पहिल्या दिवशी वाटलं, सर्दीताप असेल. दुसऱ्या दिवशी फोन बंद करून चालू केला. तिसऱ्या दिवशी सुरय्याभाभीला म्हटलं, माझा फोन बिघडलाय बघ. तिने स्वतःच्या फोनवरून मला मेसेज पाठवला, तो लगेच आला.

शनिवारी रोशनीला गाठलं. ती म्हणाली, तू पत्र घेतलंस, त्यानंतर चार दिवस आलीस, पण नंबर विचारला तर ‘नको’ म्हणालीस. म्हणजे वाचलंस. मला राग आला नाही. बसमध्ये बसल्यावर डोळ्यांत पाणी आलं, पण बरंही वाटलं, की रागावण्याइतकी धडधाकट आहेस.

पण त्यानंतर तू तिथे आलेलीच नाहीस. हे ऐकल्यापासून माझं कशात लक्ष नाही. काल एका पोराच्या शर्टावर दुसऱ्याच्या नावाची पट्टी शिवून दिली. बिचारा परत आला. म्हणाला, “मावशी, परेडचे उस्ताद मला दिवसभर पळवतील.” उसवून पुन्हा शिवली. सुईत दोरा जाईना, तो त्याने ओवून दिला.

सोमवारी तुझ्या ऑफिसात गेले. जिन्यात कुलूप. वॉचमन म्हणाला, “ते तर जूनमध्येच बंद झालं, आजी. एका दिवसात सगळ्यांना घरी पाठवलं.” मी पायरीवर बसले. त्याने पाणी दिलं.

जून, जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर. या प्रत्येक महिन्यात तू माझ्या हातात पगारातले म्हणून आठ हजार ठेवलेस. पगारच नव्हता तर ते कुठून आणलेस वेदू?

डब्याचं मी रोशनीला विचारलं. मागे सामान चढवायचा जिना आहे, तिथे बसून खायचीस म्हणाली. तीही कधी कधी तिथे जेवते. एकदा तू तिला माझी भरल्या वांग्याची भाजी दिलीस. तिला अजून आठवते.

मग पोलीस चौकीत गेले. बाकावर पाऊण तास बसले. माझा नंबर आला तसं मनात आलं, आता विचारतील, कधीपासून बेपत्ता, शेवटचं कुठे बघितलं, अंगावर काय होतं. मला यातलं एकही सांगता येणार नव्हतं. आणि विचारतील, घर का सोडलं. मी उठून बाहेर आले.

तू घर का सोडलंस ते आज लिहिते. पहिल्या पत्रात मी ‘जास्त बोलले’ असं म्हणून सुटले. काय बोलले ते मला शब्दन्‌शब्द आठवतं.

त्या दिवशी मी मेन रोडला अस्तर घ्यायला आले होते. तिथून रिक्षा करून थेट दुकानात आले. तू लॅपटॉपसमोर होतीस, कानात वायर. मी तुझा ग्लास उचलला, सगळ्यांना दाखवला आणि ओरडले, “बघा, दूध आणि बर्फ. दोनशे नव्वद रुपये. हिचा बाप डायलिसिसला जाताना रिक्षाचे पैसे वाचवायला बसने जायचा, बसमध्ये उभा राहायचा.” तू म्हणालीस, “आई, बाहेर चल, मी सांगते सगळं.” मी ऐकलं नाही. मी म्हटलं, “बरं झालं ते गेले. हे बघायला राहिले नाहीत.”

तुझा चेहरा तेव्हा कसा झाला ते मी बघितलं. बघूनही थांबले नाही, ग्लास आपटून निघून आले. वाटेभर मला वाटत होतं, बरोबर बोलले.

बाबा गेल्यावर तूच घर सावरलंस. तरी मी त्यांना मध्ये आणलं. असं कुणी वैऱ्यालाही बोलू नये. मी माझ्या मुलीला बोलले, तेही चारचौघांत.

हे पत्र मी रोशनीकडे ठेवतेय. तू तिथे येशील तरच तुला मिळेल. दुसरा रस्ता मला माहीत नाही.

आई


शनिवार, ७ फेब्रुवारी

वेदू,

आज घाईत लिहितेय. पेपरमधल्या छोट्या बातम्या आधी वाचते, वय वाचलं की पेपर खाली ठेवते. भाभी म्हणते, वाचूच नका. फोन वाजला की रिचार्ज संपतोय म्हणून सांगणारी कुणीतरी बाई असते. मी तिलाही पूर्ण ऐकते.

तुला कॉफी घ्यायची असेल तर घे. दिवसाला दोन घे. पैसे नसतील तर मी रोशनीकडे देऊन ठेवते. फक्त कुठेतरी दिसू दे.

आई


देवळाली कॅम्प
बुधवार, १८ फेब्रुवारी

वेदू,

परवा तू टिश्यूवर तुझ्या हॉस्टेलचा पत्ता लिहून दिलास, म्हणून हे पोस्टाने. समोरासमोर बसले तेव्हा मला बोलता आलं नाही. ते इथे लिहिते.

सोमवारी सव्वाअकराला मी एका पोराची कॉलर मापत होते आणि फोन वाजला. त्याच दुकानाचा मेसेज, पण नेहमीसारखा नाही. सहा आकडे आणि पुढे काहीतरी. भाभीला दाखवला. ती म्हणाली, “ओटीपी आहे. कुणाला सांगू नका, फसवतात.” तेवढ्यात फोन आला आणि काचेवर ‘वेदू’.

मी तीन महिने ठरवलं होतं, तुझा फोन आला की काय बोलायचं. त्यातलं एक अक्षर आठवलं नाही.

“आई, आत्ता एक नंबर आला असेल. वाच पटकन.”

मी म्हटलं, “कुणाला सांगू नका असं लिहिलंय.”

“आई!”

तुझा आवाज सर्दीने बसलेला. मी वाचले. तू म्हणालीस, चुकतोय. चष्मा डोक्यावर आणि मी तो मशीनवर शोधतेय. दुसरा नंबर आला. त्यातही मी सहाचे नऊ केले. तू म्हणालीस, “आई, बारा वाजता माझा इंटरव्ह्यू आहे, माझ्याकडे पैसे नाहीत, पॉइंटवरच कॉफी घ्यावी लागणार आहे. सावकाश वाच.” तिसऱ्या वेळी भाभीने माझ्या हातातून फोन घेतला आणि एक एक आकडा मोठ्याने सांगितला. दुकानातली सगळी पोरं ऐकत उभी होती.

लागला, म्हणालीस. मी म्हटलं, “तिथेच थांब.” तू फोन ठेवलास.

दुकान भाभीच्या भरवशावर टाकून मी निघाले. कॅम्पातून शालिमारची बस, तिथून रिक्षा. बस प्रत्येक थांब्यावर थांबत होती. मला वाटत होतं, मी पोहोचेपर्यंत तू निघून गेलेली असशील आणि त्या टेबलावर दुसरंच कुणी बसलेलं असेल.

तू लॅपटॉप मिटल्यावर मी आत आले. तू विचारलंस, “केव्हा आलीस?” मी म्हटलं, आत्ताच. ते खोटं होतं. मी अर्धा तास बाहेर गाड्यांपाशी उभी होते.

काचेतून तू दिसत होतीस. वाळलीस. अंगात काळा कोट होता, तो तुझा नव्हता, खांदा दोन बोटं खाली उतरला होता. कुणाशी तरी बोलत होतीस, हसत होतीस, हाताने समजावून सांगत होतीस. टेबलाखाली चप्पल काढून एक पाय सारखा हलत होता. लहानपणी तोंडी परीक्षेला असाच हलायचा. समोर ती कॉफी भरलेली. तू हात लावला नव्हतास. दारावरचा माणूस म्हणाला, “मावशी, आत जायचंय?” मी म्हटलं, नाही, तिचं काम चालू आहे.

तेव्हा मला कळलं, गेले कित्येक महिने तू काय करत होतीस. पत्ता देताना तू सांगितलंस, हॉस्टेलच्या खोलीत तिघी, एक रात्रपाळीची दिवसा झोपलेली. वाचनालयात फोनवर बोलू देत नाहीत. घरी मी. मग माणसाने कुठे बसायचं? मी भाभीलाही सांगितलं, ती काही कॉफी नव्हतीच. ते त्या खुर्चीचं भाडं होतं. पंखा, इंटरनेट, मागे धड भिंत आणि कुणी विचारायला नाही. दोनशे नव्वदला ऑफिस मिळत होतं तिला. भाभीला पटलं. आता मी सगळ्यांना तसंच सांगते.

आत आल्यावर तुझ्याशी बोलायला माझ्याकडे एवढंच होतं, “कोट कुणाचा?”

“रूममेटचा.”

“खांदा उतरलाय.”

“कॅमेऱ्यात दिसत नाही.”

मग तू ग्लास माझ्याकडे सरकवलास. बर्फ वितळून गेला होता. मी एक घोट घेतला, तू एक घेतलास. तेवढ्यात रोशनी कामावर आली. तुला बघून आधी तिने हात जोडले, मग खणातून माझी दोन्ही पाकिटं काढून टेबलावर ठेवली. मला वाटलं, झडप घालून चार तारखेचं उचलावं. तू ती बॅगेत ठेवलीस. आतापर्यंत वाचली असशील.

मी चुकले वेदू. हे तोंडाने यायला हवं होतं, कॉफीच्या टेबलावर, त्याच लोकांसमोर. मी कोटाबद्दल बोलत बसले.

इंटरव्ह्यूचं काय झालं ते कळलं तर कळव. नाही झालं तरी कळव.

आई


नाशिक
गुरुवार, २६ फेब्रुवारी

आई,

पाचही पत्रं वाचली. फोन करता आला असता, पण फोनवर मी भांडले असते.

त्या कंपनीने नकार कळवला. मला वाईट वाटलं, पण फार नाही. अंबडला एका छोट्या कारखान्यात माल रवाना करायच्या कागदपत्रांचं काम मिळालंय. पगार पूर्वीपेक्षा कमी आहे. सोमवारपासून जायचं.

तू विचारलेलं सांगते. आठ हजार माझ्या जुन्या पीएफचे होते. ऑगस्टमध्येच संपले, पुढचे दोन महिने एका मैत्रिणीकडून घेतले. तुला सांगितलं नाही, कारण बाबा आजारी असताना तू रोज सकाळी उठून काय काय विकता येईल याचा विचार करायचीस ते मी बघितलं होतं. मला वाटलं, महिन्याभरात दुसरी नोकरी मिळेल, मग सांगू. महिना उलटला, मग खोटं बोलायची सवय लागली. रोज डबा घेताना जीव घाबरायचा.

जानेवारीत चार दिवस मी नंबर मुद्दाम दिला नाही. तू माझ्यावर नजर ठेवतेस असं वाटलं आणि खूप राग आला. नंतर पैसेच संपले. पण त्या दिवसांत तू चौकीत जाऊन बसलीस, हे वाचून मी इथे जिन्यात जाऊन रडले. मला कल्पना नव्हती. एक निरोप पाठवायला हवा होता. ती माझी चूक.

पण एक गोष्ट तू सगळ्यांना चुकीची सांगतेस. ते खुर्चीचं भाडं होतं, हे निम्मं खरं आहे. उरलेलं निम्मं असं, की मला ती कॉफी आवडायची. नोकरी होती तेव्हाही मी महिन्यातून दोनदा जायचे, तुला न सांगता. सकाळचा पहिला घोट घेतला की पाच मिनिटं मी कुणाचीच कुणी नसायचे. नोकरी गेलेली मुलगी नाही, बाबांची नाही, तुझीसुद्धा नाही. ग्लास गार असायचा, खिडकीतून ऊन यायचं, बस एवढंच. त्याला दोनशे नव्वद जास्त आहेत का? आहेत. मी तरी देत होते. पुढेही देईन, परवडेल तेव्हा.

तू भाडं म्हणालीस की मला माफ केल्यासारखं होतं. त्यात माफ करण्यासारखं काही नव्हतं, आई. मला एक गोष्ट आवडत होती, एवढंच होतं. भाभीला तसं सांग. नाही पटलं तर नाही पटलं.

माफ करायचं ते दुसरंच आहे, आणि ते मी करायचं आहे. चार तारखेचं पत्र मी तीनदा वाचलं. तू एकही शब्द गाळला नाहीस, मला वाटलं होतं गाळशील. तरी बाबांचं ते वाक्य अजून कानात येतं. बसमध्ये येतं, आंघोळ करताना येतं. पूर्वीपेक्षा कमी येतं. मला थोडा वेळ दे, रोज विचारू नकोस.

हॉस्टेल मी सोडत नाही. अंबड इथून जवळ पडतं, आणि मला एकटीने राहून बघायचंय. पण रविवारी घरी येते. इथे तिघींच्या तीन शिफ्ट, कुणाचा ना कुणाचा अलार्म वाजतच असतो. नोव्हेंबरपासून मी सलग झोपलेली नाही. सकाळच्या पहिल्या बसने येईन. आल्या आल्या काही विचारू नकोस, जेवायला बस म्हणू नकोस. माझी गादी खाली घालून ठेव आणि दुपारपर्यंत मला उठवू नकोस.

वेदू